लाल टाका

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताईस धाकट्याचा नमस्कार.

आणि तुझ्याआधी ज्या साहेबांचे डोळे या कागदावरून फिरतील, त्यांनाही नमस्कार. पाकीट परत नीट चिकटवा म्हणावं. मागच्या खेपेला खळ कमी पडली होती. हवी तर आमच्या धुलाईखान्यातून वाटीभर पाठवतो, खळीला आमच्याकडे तोटा नाही.

हे माझं अकरावं पत्र. आधीच्या दहांना तुझं उत्तर नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला समजलं आहे, दोन वर्षांत समजू नये इतका मी मठ्ठ नाही. भावजींना पुलावर गोळी घालणाऱ्यांचे सदरे मी धुतो, हे तुझं म्हणणं. माझं म्हणणं तुला ठाऊक आहे: नऊ बायकांची घरं या भट्टीवर चालतात, आणि मळ कुणाचाही असो, पाण्याला सारखाच. ते जाऊ दे. तुझी लेक माझ्याकडे आहे, आणि लेकीची खबर आईला देणं हे मामाचं काम.

टाचणी बरी आहे. नाव तू अगदी बघून ठेवलंस. अंगाने तेवढीच, आणि टोचायलाही तेवढीच. रफूच्या बाकावर बसते. तिने रफू केलेली जागा मलासुद्धा उजेडात धरून शोधावी लागते. खाते कमी, बोलते त्याहून कमी. हा गुण आपल्या घराण्यात कुठून आला कोण जाणे, माझ्याकडून तर नक्कीच नाही.

धंदा जोरात आहे. छावणीतल्या सगळ्या अधिकाऱ्यांचे कपडे आता आपल्याकडेच येतात. मालकाला डोळे उघडे ठेवावे लागतात ते असे: परवाच्या गाठोड्यात तीन सदऱ्यांना खालच्या घेराला आतून लाल दोऱ्याचा टाका! पांढऱ्याशुभ्र कापडावर लाल! मागच्या धुलाईत आमच्याच कुणीतरी आंधळीने घातला असणार. मी स्वतः बसून तिन्ही उसवले, पांढऱ्या दोऱ्याने घातले आणि रफूच्या बाकापुढे उभं राहून सगळ्यांना दोन शब्द ऐकवले. टाचणी तर पांढरीफटक पडली. हळवी पोर आहे.

आई म्हणायची, कापडावर धुणाऱ्याची खूण राहिली तर ते धुणं कसलं. एवढं तरी मी पाळतो, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा,
धाकटा

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई, हे पत्र टपालात टाकणार नाही. कोटाच्या अस्तरात शिवून ठेवणार आहे. न लिहिणंच शहाणपणाचं, पण माझं तोंड कधी बंद राहिलंय? माणसाशी बोलायची सोय उरली नाही म्हणून कागदाशी बोलतो.

माझं अकरावं पत्र तुला मिळालं नसेल. ते आज सकाळी दुकानात परत आलं. हातमोज्याच्या हातात.

हातमोज्या म्हणजे छावणीचा कप्तान. लोकांची पत्रं फोडायचं खातं त्याच्याकडे. उन्हातही पांढरे हातमोजे काढत नाही. रोजची एक जोडी माझ्याकडेच येते, त्यामुळे त्याचे डाग मला पाठ आहेत: शाई, तंबाखू, शाई. टेलिफोनच्या ऑफिसातल्या दोन मुली गेल्या वर्षी त्यानेच नेल्या. तारा जोडताना ऐकलेलं बाहेर सांगतात, असा आरोप होता. दोन महिन्यांनी त्यांच्या आयांना नुसते कपडे परत मिळाले. ते कपडे धुवायला कुणाकडे आले असतील? मी धुतले, ताई. तीन पाण्यांतून काढले. त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना मी हात पाठीमागे लपवत होतो आणि चमचा कशाने धरावा ते कळत नव्हतं.

तर तो आत आला, पत्र गल्ल्यावर ठेवलं. एका ओळीखाली निळी रेघ.

"ए साबणवाल्या, हे अक्षर तुझं?"

"माझंच, साहेब. इतकं वाकडं दुसऱ्या कुणाचं असणार?"

"लाल दोरा कुणाचा?"

मी तोंड उघडणार होतो, म्हणणार होतो की मलाही तेच शोधायचंय. तेवढ्यात मला काहीतरी ऐकू आलं. म्हणजे ऐकू यायचं थांबलं. माझे कान तुला माहीत आहेत, गिऱ्हाइकाच्या पावलावरून मी सांगतो, तक्रार घेऊन आलंय की कौतुक. मागे रफूच्या बाकावरच्या कात्र्या थांबल्या. इस्त्री टेकवल्याचा आवाज झाला आणि ती पुन्हा उचलली गेलीच नाही. नऊ बायका, आणि नुसता भट्टीचा बुडबुडा. आठवडाभर जे माझ्या टकुऱ्यात शिरलं नव्हतं, ते त्या शांततेने एका क्षणात सांगितलं. टाचणी हळवी म्हणून पांढरी पडली नव्हती.

पण जीभ, ताई, ही मेली जीभ कधी थांबत नाही.

"साहेब, जरा बाजूला येता? बायकांसमोर बोलण्यासारखं नाही."

"इथेच बोल."

"खरूज, साहेब."

"काय?"

"छावणीतल्या काही साहेबांना खरूज आहे. त्यांचे सदरे वेगळ्या भट्टीत उकळावे लागतात, नाहीतर एकाची सगळ्यांना. म्हणून लाल टाक्याची खूण. मी म्हटलं होतं टाका शिवणीच्या आत घाला, कुणाला दिसू नये. मोठ्या माणसांच्या अब्रूचा प्रश्न. या बयांनी घातला तो उघड्या घेरावर! म्हणून उसवला. आता पत्रात 'खरूज' कसं लिहू? पत्र आपल्याच ऑफिसात वाचलं जाणार, आणि साहेब लोकांची खरूज गावभर!"

मागून आमची थोरली बोलली. थोरली म्हणजे इस्त्रीवाली, साठीची आहे, सगळ्यांना दरडावते, मलाही.

"मालक, मी आधीच सांगितलंय, त्या सदऱ्यांना मी हात लावायची नाही. घरी नातवंडं आहेत माझ्या."

देव तिचं भलं करो. कप्तानाने एक पाऊल मागे घेतलं आणि नकळत मान खाजवली. मग आवाज खाली आणून विचारलं, "माझा... माझा त्यांत आहे का?"

"छे छे, साहेब! अजून तरी नाही."

हसू नकोस. मलाही हसू आलं नव्हतं, पाठीवरून घामाची धार चालली होती. त्याने तिघांचे नंबर मागितले. प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आमचा नंबर असतो, मला ते तोंडपाठ. दिले. दुसरं काय करणार?

"शुक्रवारी डॉक्टर या तिघांना तपासेल," तो म्हणाला. "खरूज निघाली, तर तू शहाणा. नाही निघाली, तर तुझ्या या बायका आणि तू, सगळे छावणीत येऊन मला नीट समजावून सांगा."

तो गेल्यावर टाचणीला वर गच्चीत नेलं, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये.

"बोल."

"मामा, तुम्ही काही ऐकलं नाहीत तर बरं."

"पोरी, गळ्याशी आल्यावर आता बरं काय आणि वाईट काय? बोल."

तिने सांगितलं. छावणीत कपड्यांची गाठोडी बांधणारी बाई आहे. ज्या अधिकाऱ्यांना तुकडी घेऊन पुढे निघायचा हुकूम येतो, त्यांच्या सदऱ्याला ती लाल टाका घालते. टाचणी कॉलरवरचा नंबर बघून तुकडी ओळखते, टाका उसवते आणि निरोप पुढे धाडते. मी उसवले त्या तीन टाक्यांचा निरोप गेलाच नाही.

"खाली बाकावर किती जणींना ठाऊक आहे?"

तिने दोरीवरचे चिमटे मोजायला घेतले. म्हणजे सगळ्यांना. या धुलाईखान्यात काय चाललंय ते ठाऊक नसलेला एकच इसम होता, आणि पाटीवर 'मालक' म्हणून त्याचंच नाव.

"आणि निरोप कुणाकडे जातो?"

तिने माझ्याकडे तुझ्यासारखं बघितलं. पापणी न हलवता.

"आई रागावून गेली हे खरंय, मामा. पण मला इथे ठेवून गेली, ते रागावून नाही."

ताई! दोन वर्षं मी समजत होतो की लेकीचं पोट भरावं म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलंस. मला का नाही सांगितलंस, हे विचारणार नाही. उत्तर कप्तानाच्या खिशात आहे, माझ्याच अक्षरात.

आता शुक्रवारपर्यंत तीन धडधाकट माणसांना खरूज व्हायला हवी. उपाय एकच आहे आणि तो या धंद्याबाहेरच्या माणसाला सुचणार नाही. सदरे धुण्याच्या सोड्यात रात्रभर मुरवायचे आणि न खंगाळता वाळवायचे. वर कडक खळ, म्हणजे सोडा हाताला लागत नाही. घाम आला की मग कातडी बोलायला लागते. आईने याच चुकीसाठी तुझ्या हातावर पळी मारली होती, आठवतं? तीस वर्षांत माझ्या दुकानातून न खंगाळलेला कपडा बाहेर गेलेला नाही. आज मी स्वतःच्या हाताने तिघांचे मिळून बारा सदरे बिघडवले.

थोरली शेजारी उभी राहून म्हणाली, "मालक, रडताय काय? सोडा डोळ्यात गेला का?"

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

खरूज निघाली!

डॉक्टरनेच लिहून दिलं. तिघांच्या मानेवर आणि काखेत लाल चट्टे, एकाची तर कातडी सोलली. पंधरा दिवस तिघांना वेगळं ठेवायचा हुकूम निघालाय. म्हणजे तीन तुकड्या पंधरा दिवस हलणार नाहीत. थोरली म्हणाली, "जे आपल्या सैन्याला जमलं नाही ते आमच्या सोड्याने केलं." तिला गप्प केलं, पण बाकावर सगळ्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या. टाचणीसुद्धा. दोन वर्षांत तिचे दात आज पहिल्यांदा दिसले.

मीही हसलो असतो. पण दुपारी तो पुन्हा आला. पत्र पुन्हा गल्ल्यावर.

"खरूज खरी निघाली," तो म्हणाला. "पण मला दुसरंच सतावतंय. ही बाई दोन वर्षं तुझ्या एकाही पत्राला उत्तर देत नाही. मग तिला लाल दोऱ्याची गोष्ट कशाला लिहितोस?"

"बढाई मारायला, साहेब."

"बढाई?"

"धाकटा भाऊ आहे. तिने शाबास म्हणावं म्हणून."

इतक्या थापांमध्ये हे एवढंच खरं बोललो, आणि नेमकं तेवढंच त्याला पटलं नाही. पाकिटावर तुझ्या घराचा नाही, टपालघराचा पत्ता, म्हणून तुलाच इकडे आणायचा त्याचा बेत. उद्या येणार आहे. त्याच्यासमोर मी तुला पत्र लिहायचं: लेक फार आजारी आहे, शनिवारी बावीस तारखेच्या सकाळच्या गाडीने ये. न लिहिलं तर तो टाचणीलाच नेईल. लिहिलं तर तू येशील. लेक आजारी म्हटल्यावर कुठली आई थांबेल? मग तो तुला नेईल.

टाचणी म्हणाली, "मी निरोप धाडते." पण निरोप नेणारीच्या मागे कालपासून एक माणूस लागलाय. त्या वाटेने आता काही जाणार नाही, निदान आठवडाभर. उरलं माझं पत्र, आणि ते तो अक्षर न् अक्षर वाचणार.

संध्याकाळी गच्चीत सदऱ्यांच्या रांगा बघत उभा होतो. सगळे घेराकडून टांगलेले, बाह्या खाली, आपल्या रीतीप्रमाणे. खांद्यांवर टांगला की चिमट्याचा वण पडतो, कापड तिथे ताणतं. आपल्या घरात असला अडाणीपणा कुणी केला नाही.

एकदाच केला, आणि तो तू. मी सहा वर्षांचा, तू दहाची. आई गेली होती. बाबा पिऊन आले की तू त्यांचा सदरा दोरीवर खांद्यांकडून टांगायचीस. मी गल्लीच्या टोकावरून बघायचो. घेराकडून टांगलेला असला तर घरी यायचं. खांद्यांकडून असला तर यायचं नाही, नदीवर बसायचं, तू बोलवायला येईपर्यंत. माझ्या वाटणीचा मार तू खायचीस. कितीदा, ते मी कधी विचारलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र जपून वाच. टाचणी फार आजारी आहे. आठ दिवस ताप उतरत नाही. डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही, पण ती सारखं तुझं नाव घेते. जुनं सगळं विसरून शनिवारी, २२ तारखेला सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर येईन.

तू येणार म्हणून तुझी खोली झाडून घेतली आहे. पेटीत बाबांचा जुना सदरा सापडला. धुऊन गच्चीत वाळत घातला आहे, तू घालायचीस तसाच, खांद्यांकडून. तुला बघून बरं वाटेल.

तुझा,
धाकटा

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताई, हे नदीकाठच्या होडीवाल्याच्या खोपटात बसून लिहितोय. साबणाच्या खोक्यावरचा कागद आहे, वास येईल.

सकाळी हातमोज्या मला गाडीत घालून स्टेशनवर घेऊन गेला. मागे चार शिपाई, साध्या कपड्यात. त्यांतल्या दोघांचे सदरे माझ्या खळीचे होते. गाडी आली. मी प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नसू दे, नसू दे. राखाडी शाल घेतलेली एक बाई उतरली, तुझ्याच उंचीची, चालही तशीच. तिने तोंड वळवलं, तू नव्हतीस. बहीण भेटली नाही म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी सुखाने श्वास घेतला.

पण लगेच दुसरं मनात आलं. तू पत्र समजलीस म्हणून आली नाहीस, की फोडलंच नाहीस? आधीच्या दहा पत्रांसारखं तेही चुलीत गेलं असेल तर? आणि लेक मरणाच्या दारात असताना तू आली नाहीस, एवढा राग असेल तर?

दुपारची गाडीही रिकामी गेली. कप्तानाने घड्याळ बघितलं. मला वाटलं, आता मला मारेल. तर तो हसला.

"नाही आली. चालायचंच. जा घरी, मालक, आराम करा."

ताई, तीन वर्षं हा माणूस मला 'ए साबणवाल्या' म्हणतोय. आज 'मालक'. आणि 'करा'. माझ्या कानांना ते शिवीपेक्षा वाईट लागलं. कोंबडीला दाणे टाकतानाचा आवाज होता तो.

तरी चालत निघालो. जाणार कुठे? टाचणी घरी होती. गल्लीच्या टोकाशी आलो. दुकान उघडं होतं. पाटी जागेवर, कट्ट्यावर गाठोडी. सगळं रोजच्यासारखं. फक्त धुराड्यातून धूर नव्हता. मी स्वतःला समजावलं, शनिवार आहे, भट्टी लवकर उतरवली असेल. पाऊल उचललं.

आणि सवयीने वर बघितलं.

गच्चीत सदऱ्यांच्या चार रांगा, सगळे घेराकडून, बाह्या खाली. पुढच्या दोरीवर, अगदी कोपऱ्यात, माझा ठेवणीतला पांढरा सदरा. खांद्यांकडून टांगलेला. बाह्या वाऱ्यावर हलत होत्या, 'जा, जा' म्हणावं तशा.

माझ्या धुलाईखान्यात सदरा असा टांगायची कुणाची छाती नाही. आणि ही खूण टाचणीला मी कधी सांगितली नव्हती. थोरलीलाही नाही. जगात ती दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यांतला एक रस्त्यावर उभा होता.

म्हणजे पत्र तुला मिळालं. तू समजलीस. कुठल्या वाटेने ते विचारत नाही, पण तुझा निरोप माझ्या गच्चीपर्यंत आला, आणि तुझ्या लेकीने तो मला दिला. धूर नाही म्हणजे बायका गेल्या. तू त्यांना काढलंस. आत बसले असतील ते कप्तानाचे लोक, माझी वाट बघत.

मी बुटाची नाडी बांधली. भुईकडे बघत, हळूहळू, दोन्ही बुटांची. मग उठून आमच्या दारावरून पुढे चालत गेलो. माझ्याच दारावरून, तीस वर्षांत पहिल्यांदा आत न जाता. आत कुणीतरी खोकललं, पुरुषाचा खोकला होता. कान मागे, पाय पुढे. पळावंसं वाटत होतं, पण तू सांगितलेलं आठवलं: बाबांसमोरून कधी पळायचं नाही, पळालं की ते बघतात.

आता इथे होडीची वाट बघतोय. अक्षर नेहमीपेक्षाही वाकडं आलंय. तुम्ही सगळ्या कुठे आहात ते ठाऊक नाही. नदीकाठी बसून राहायचं, तू बोलवायला येईपर्यंत, एवढंच ठाऊक आहे.

दोन वर्षं तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस, ताई. आज बोललीस.

माझा तो सदरा मात्र चिमट्यांनी खांद्यांवर ताणला असेल. राहू दे. तो वण मी काढणार नाही.

तुझा,
धाकटा